सुई, दोरा आणि जव्हारचा पाऊस

जव्हारला पाऊस लागला की घराबाहेरची कामं आपोआप मागे पडतात. गाव जेमतेम दीड हजार फुटांवर, पण समुद्रावरून येणारे ढग जणू मुक्कामालाच येतात. धुकं दारातून थेट माजघरात शिरतं. पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही, धुतलेले कपडे आठवडाभर दमट राहतात आणि वीज पहिल्या गडगडाटालाच रजेवर जाते. शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकची मंडळी दाभोसा धबधबा बघायला आणि हनुमान पॉइंटवरून दरीतले ढग बघायला येतात, भिजतात, भजी खातात, परततात. मागे उरतो आम्ही. नोकरीच्या निमित्तानं मी इथे राहायला आले, तेव्हा या चार महिन्यांच्या संध्याकाळींचं करायचं काय हा मोठाच प्रश्न होता. आईनं सामानात घालून दिलेल्या क्रोशाच्या सुयांनी तो सोडवला.

आईच्या पिढीत क्रोशाचं काम म्हणजे घर झाकायचं काम होतं. टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, माठावर मणी लावलेली जाळी, दाराला तोरण, देव्हाऱ्यापुढे महिरप. आम्ही पोरी त्याला हसायचो. पण हसता हसता साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब हे सगळे टाके हातात उतरले होते. एकदा हातात बसलेली गोष्ट डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत.

जव्हारच्या पावसाला क्रोशा का मानवतो, ते इथे राहून कळलं. दोन सुयांवरच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर लटकलेली असते. मध्येच दिवे गेले आणि सुई निसटली की टाके भराभर ओघळतात. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो, सुईवर उरतो एकच फास. तो जरा मोठा करून ठेवला की काम कुठेही टाकून उठता येतं. दूध उतू जाऊ दे, दारात कुणी येऊ दे, वीज जाऊ दे. पांढरा दोरा असेल तर मेणबत्तीच्या उजेडातही चार ओळी होतात. काळा किंवा गडद निळा मात्र दिवसाच घ्यायचा, नाहीतर कुठला टाका कुठे गेला ते सकाळीच समजतं.

दोऱ्याची मात्र पंचाईत. गावात शिवणाचे दोरे मिळतात, मोजक्या रंगांची लोकर मिळते. बारीक सूत हवं असेल तर एसटीनं मोखाडा ओलांडायचा, तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठायचं आणि मेन रोडच्या गर्दीत शिरायचं. आणलेलं सूतही पावसाळ्यात सांभाळावं लागतं. ओल लागली की पांढऱ्या सुतावर पिवळे ठिपके उमटतात आणि ते काही केल्या जात नाहीत. म्हणून लाडू दोऱ्याचा असो की लोकरीचा गुंडा, सगळं पत्र्याच्या डब्यात, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला.

माझ्या घराच्या मागच्या अंगाला एक काकू राहतात. ऊन पडलं की त्या ओट्यावर बांबूच्या कामट्या काढत बसतात. कोयत्याच्या एका घावात बांबू उभा चिरायचा, मग त्याची पाती बोटांनी चाचपत इतकी पातळ करायची की ती वाकेल पण मोडणार नाही. नजर बहुतेक वेळा रस्त्यावर, गप्पा चालूच. टोपली, सूप, कोंबड्यांचा डालगा असं काही ना काही हातात असतं. पूर्वी शेतात घालायची इरलीही घरोघर होत. बांबूच्या सांगाड्यावर पानं बसवलेलं इरलं पाठीवर घेतलं की वाकून लावणी करता येई आणि दोन्ही हात मोकळे राहत. आता बहुतेकांच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद असतो.

मी केलेला पहिला गोल रुमाल मोठ्या कौतुकानं काकूंना दाखवला. त्यांनी उलटासुलटा केला, भोकांतून पलीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘यात काय ठेवतात?’ टोमणा नव्हता, साधी चौकशी होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी राहतं: नागली, वरई, भात, नाहीतर कोंबडी. माझ्या रुमालात नुसती नक्षी होती. त्या प्रश्नानं माझ्या विणण्याची दिशा बदलली. मी भाजीची जाळीदार पिशवी केली, गरम पातेल्याखाली ठेवायची जाड चकती केली, काकूंना मोबाइल गळ्यात अडकवायला पिशवी करून दिली. तिच्या बदल्यात त्यांनी एक सूप दिलं आणि हिशेब मिटवला.

ऑफिसात माझ्या हातातलं काम बघून हमखास एक सल्ला मिळतो: ‘एवढं छान करतेस, तर विकत का नाहीस? ऑर्डर घे.’ विकण्यात काही कमीपणा नाही. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांनी बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली आणि तिच्या विक्रीवर कित्येक कुटुंबं तगली. आंध्रात नरसापूरच्या बायका आजही लेस विणतात. आमच्याकडेही बांबूच्या राख्या, आकाशकंदील, वारली चित्रांच्या वस्तू यांतून अनेक घरांत चार पैसे येतात. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर निघतात. ज्या घरात हाताला बसल्या जागी काम आहे, तिथे एखादी बाई तरी मागे राहू शकते.

मी विकत नाही, त्याचं कारणही हेच आहे. स्वेटर यंत्रावर निघतात, पण बाजारात खरं क्रोशाचं काम दिसलं की समजावं, ते कुणीतरी हातानंच केलंय. त्याचं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. दोन संध्याकाळी घालून केलेली पर्स मी दीडशे रुपयांना दिली तर माझं काही बिघडत नाही, महिन्याचा पगार येतोच. पण दीडशे हा भाव एकदा रूढ झाला की ज्या बाईचं घर त्यावर चालतं, तिची मजुरी मी खाल्लेली असते. छंद म्हणून केलेल्या वस्तूला भाव लावायचा तर पुरा लावावा, नाहीतर लावूच नये.

मग विकायचं नाही आणि घरातले रुमालही झाले पुरेसे, तर विणायचं कशाला? याचं उत्तर मला इथल्याच दोन गोष्टींत सापडलं. एक म्हणजे बोहाडा. होळीनंतरच्या दिवसांत मोखाड्यात आणि आसपासच्या गावांत देवीच्या उत्सवात सोंगं निघतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण असे एकेक मुखवटे संबळाच्या ठेक्यावर रात्रभर नाचतात आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. जव्हारजवळ रामखिंडला हे मुखवटे बनवणारे कारागीर आहेत, कुणी लाकूड कोरतं, कुणी कागदाच्या लगद्यापासून घडवतं. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचं असं ठरलेलं असतं. हा मुखवटा ज्याच्या तोंडावर चढायचा त्याच्यासाठी आणि त्या एका रात्रीसाठी असतो. दिवाणखान्याच्या भिंतीसाठी तो पुष्कळ नंतर होऊ लागला.

दुसरी गोष्ट वारली लग्नातल्या चौकाची. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहायच्या, तो त्या लग्नापुरता. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी वारलींना कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती कीर्ती मोठीच. तरी भिंतीवरचा चौक अमुक मुलीच्या लग्नाचा असे, हे मला जास्त जवळचं वाटतं. विक्री आणि विरंगुळा यांच्या मध्ये हातकामाची ही तिसरी, जुनी जागा आहे: ठरलेल्या माणसासाठी, ठरलेल्या दिवसासाठी केलेली वस्तू. आमच्याकडचा बाळंतविडा त्यातलाच. टोपडं, झबलं, दुपटं, मोजे, सगळं येणाऱ्या एका जिवासाठी.

ओळखीच्या एका नर्सताईंनी मला नेमकं तिथेच कामाला लावलं. आमच्या भागात अडीच किलोच्या आतली बाळं पुष्कळ जन्मतात. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ऊब देतात. कांगारू पद्धत म्हणतात तिला, सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती सुरू झाली. त्या वेळी बाळाच्या डोक्याला टोपी लागतेच, कारण अंगाच्या मानानं डोकं मोठं असल्यानं तिथून बरीच ऊब जाते. ताईंनी अटी घातल्या: सूत बारीक, म्हणजे पावसातही वाळेल. गोंडा नको, नाड्या नकोत, सुटा धागा तर अजिबात नको. आणि वीण घट्ट, बाळाचं बोट अडकेल असं भोक नको.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो. त्याला ३.१४ नं भागलं की ११ येतात, एवढ्या व्यासाची चकती टोपीच्या माथ्याला. घेर ३० असेल तर साडेनऊ. चकती किंचित लहानच ठेवायची, सूत ताणलं जातं. मध्यभागी ६ मुके खांब, पुढच्या ओळीत १२, मग १८, मग २४. दर ओळीला सहाच वाढवले तर चकती सपाट राहते. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की कडेला फ्रॉकच्या झालरीसारख्या चुण्या पडतात. या चुण्यांचंही मोठं गणित आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये टाके सारखे वाढवत नेऊन अपास्तीय (हायपरबोलिक) पृष्ठभाग क्रोशात विणून दाखवला. कागदाची प्रतिकृती फाटायची, विणलेली मुलांच्या हाती बिनधास्त देता आली.

टोपीला मात्र चुण्या नकोत. माथ्याची चकती झाली की वाढवणं बंद करायचं, टाक्याला टाका घालत सरळ खाली उतरायचं, की कानांपर्यंत टोपी आपसूक येते. शेवटचा धागा आतल्या बाजूनं दडवायचा आणि बोटाला गुंडाळून ओढून बघायचा. सुटला नाही तर टोपी पास. मग उकळत्या पाण्यातून काढायची, चुलीच्या धगीवर कोरडी करायची आणि नर्सताईंच्या पिशवीत घालायची.

मागच्या आठवड्यात काकूंनी अशीच एक टोपी मुठीवर चढवून पाहिली. या वेळी त्यांनी ‘यात काय ठेवतात’ असं विचारलं नाही. श्रावणात सून बाळंत होणार आहे, तिच्या बाळासाठी एक लाल रंगाची पाहिजे, एवढंच म्हणाल्या आणि मापासाठी घरातल्या थोरल्या नातवाचं जुनं टोपडं आणून दिलं. लाल सूत माझ्याकडे नाही. या रविवारी नाशिकची एसटी पकडायची आहे.