चिमटीत येणारी चरबी

पैठणच्या माझ्या ओपीडीत कुणी पोट कमी करायला आलं, की मी आधी त्यांना उभं करते आणि बेंबीशेजारची कातडी अंगठा नि तर्जनीत धरून बघते. या तपासणीला यंत्र लागत नाही आणि फीही वाढत नाही, पण लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, करायचं की नाही याचा निम्म्याहून अधिक निकाल तिथेच लागतो. चिमटीत जाडसर वळी आली, तर पुढचं बोलणं. पोट नगाऱ्यासारखं ताठ असेल आणि बोटांत जेमतेम कातडी येत असेल, तर माझ्याकडे त्या माणसासाठी शस्त्रक्रिया नाही.

पोटाकडे चरबीचे साठे दोन. एक कातडीखाली, स्नायूंच्या बाहेर. दुसरा स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती. लायपोसक्शनची नळी फिरते ती फक्त पहिल्या साठ्यात. आत ती जाता कामा नये. गेली तर आतडं फाटतं. आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचं जास्त सख्य आहे ते नेमकं या आतल्या चरबीशी. म्हणजे ज्या पोटाची खरी काळजी करायला हवी, तेच आमच्या नळीच्या आवाक्याबाहेर असतं.

आपल्याकडे हा घोळ अधिकच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, दिसायला दोघेही सडसडीत. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! याज्ञिकांचा चमू 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आला आहे. इंग्लंडच्या बाळांपेक्षा आपली बाळं वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजन कमी, पण चरबी त्या मानाने जास्त, हा आपला साचा पाळण्यापासूनचा आहे. पैठणीच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून घड्या उलगडणाऱ्या शेठजींना मी हे सांगते, तेव्हा ते म्हणतात, “मॅडम, मी तर जाड नाहीच. ढेरी तेवढी ओढून काढा.” त्यांना मी फिजिशियनकडे पाठवते. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर गेली, की आपल्या लोकांनी साखर तपासून घ्यावी. प्लास्टिक सर्जनची पाळी त्यानंतर, आलीच तर.

‘चरबी गेली की शुगर जाते’ ही समजूत सुशिक्षितांतही आहे. 2004 सालीच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी काढली; त्यांतल्या सात मधुमेही होत्या. अडीच-तीन महिन्यांनी पाहिलं तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनचा परिणाम, सगळं होतं तिथेच. तेवढंच वजन खाणं आवरून उतरलं असतं, तर हे आकडे हलले असते.

दहा किलो हा आकडा वाचून कुणी हुरळू नये. एका बैठकीत नळीतून आलेला एकूण माल पाच लिटरच्या वर गेला, की ती मोठी शस्त्रक्रिया धरली जाते आणि रुग्णाला रात्रभर नीट देखरेखीखाली ठेवायला हवं. त्या पाच लिटरांतही आम्हीच आत सोडलेलं सलाइन असतं. चरबी पाण्यापेक्षा हलकी. हिशेब केला तर वजनकाट्यावर उतरतात तीन-चार किलो, तेही सूज ओसरल्यावर. लायपोसक्शन घाट बदलण्यासाठी आहे. वजनाचा उपाय म्हणून ते विकणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रक्रिया ऐकायला सोपी वाटते. रुग्ण उभा असताना मार्करने खुणा करायच्या, कारण आडवं झालं की चरबी सरकते. मग तीन-चार मिलिमीटरच्या छेदांतून सलाइन, भुलीचं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारं अॅड्रेनलिन यांचं मिश्रण भरायचं. कातडी फुगते, पांढुरकी पडते. थोडा वेळ थांबून बोथट तोंडाची नळी आत-बाहेर फिरवत चरबी ओढायची. ही बोथट नळी रूढ केली 1970 च्या दशकाच्या शेवटी पॅरिसच्या इल्लूझ यांनी, आणि भरपूर द्रव भरण्याची पद्धत 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी. त्याआधीचा इतिहास भयंकर आहे. 1920 च्या दशकात पॅरिसमध्येच एका नर्तकीच्या पायाची चरबी खरवडून काढायला गेले आणि शेवटी तिचा पाय कापावा लागला. क्लाइन यांच्या पद्धतीमुळे रक्तस्राव फार कमी झाला. पण तिच्याबरोबर एक धोका आला, आणि तो घरी पोचल्यावर उगवतो.

एरवी अॅड्रेनलिनसह लिग्नोकेन देताना किलोमागे 7 मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. इथे 35 पर्यंत चालतं, कारण ते चरबीतून रक्तात सावकाश उतरतं. सावकाश म्हणजे किती? रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण आठ ते सोळा तासांनी. सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी सुट्टी, आणि मध्यरात्री गावी ओठ बधिर, कानात गुणगुण, मग झटके, असं होऊ शकतं. म्हणून पैठणच्या माणसाला मी शस्त्रक्रियेनंतर संभाजीनगरच्या रुग्णालयातून त्याच संध्याकाळी सोडत नाही, नातेवाईक कितीही म्हणोत की “तासा-दीड तासाचा तर रस्ता आहे.”

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. पायातल्या शिरेत झालेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते. अमेरिका-कॅनडातल्या प्लास्टिक सर्जननी दिलेल्या माहितीवरून 2000 साली जो हिशेब छापून आला, त्यात सुमारे पाच हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू होता, आणि मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हीच गुठळी. पाच हजारांत एक म्हणजे फार नाही असं वाटेल. पण आजाराच्या शस्त्रक्रियेतला धोका आणि हौसेच्या शस्त्रक्रियेतला धोका एका तराजूत घालता येत नाही. आपल्याकडे यात एका गोष्टीची भर पडते, जी बायका डॉक्टरला आपणहून सांगत नाहीत. नाथषष्ठी, गौरी, घरातलं लग्न, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेतलेल्या असतात. गर्भनिरोधक गोळ्यांप्रमाणे याही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. मी हे थेट विचारते, नवऱ्याला बाहेर बसवून. मिश्रीचंही तेव्हाच विचारते. “मी तंबाखू खात नाही” म्हणणारी बाई मिश्री लावत असते, आणि निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो तो होतोच.

पोटावर जुना टाका असला, सिझरचा किंवा कुटुंबनियोजनाचा, तर तिथे हर्निया नाही ना हे सोनोग्राफीत पाहून घ्यावं लागतं. हर्नियात आलेल्या आतड्याला नळीचं टोक लागलं, तर दोन दिवसांनी पोट फुगतं, ताप चढतो, आणि सगळे म्हणत राहतात की ऑपरेशनचंच दुखत असेल. चरबीचे कण रक्तात शिरून धाप लागणं, जंतुसंसर्ग, पाणी साचणं, कातडी भाजणं, खडबडीतपणा ही यादी पुढे आहेच. शेवटच्याने जीव जात नाही, पण सर्वाधिक तक्रारी त्याच्याच.

मग ही शस्त्रक्रिया शोभते कुणाला? सहा महिने वजन स्थिर आहे, कातडीत ताण आहे, आणि व्यायाम करूनही कमरेवर, मांडीला किंवा हनुवटीखाली हट्टाने उरलेला गोळा आहे, अशा निरोगी माणसाला. माझं समाधान सर्वांत जास्त होतं ते छाती वाढलेल्या तरुणांत. नागघाटावर मित्र उड्या मारतात आणि हा अंगात बनियन घालून पायरीवर बसलेला असतो. वयात येताना मुलांची छाती वाढते ती पुष्कळदा दोन वर्षांत आपोआप बसते, म्हणून आधी थांबायचं. औषधं, जिममधली स्टेरॉइड्स, हार्मोन यांची चौकशी करायची. नाहीच बसली, तर चरबी ओढून आणि आतली गाठ छोट्या छेदातून काढून काम होतं.

दोन-तीन बाळंतपणांनंतर लोंबलेल्या पोटाला मात्र लायपोसक्शन पुरत नाही. चरबी काढली की सैल कातडी आणखी लोंबते. तिथे जादा कातडी कापून, फाकलेले स्नायू शिवून घेण्याची वेगळी, मोठी शस्त्रक्रिया लागते. आणि नवऱ्या मुलीच्या आयांसाठी एक सूचना: लायपोसक्शननंतर महिना-दीड महिना पट्टा घालावा लागतो, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. हे वाचून महिन्याभरावर आलेल्या मुहूर्तासाठी कुणी येणार असेल, तर येऊ नये.

येणाऱ्यांनी माझ्यासह कुणालाही बिनधास्त विचारावं: तुमची प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, भूल कोण देणार, किती लिटर काढणार, रात्री काही झालं तर आयसीयू कुठे. यावर जो चिडेल त्याच्याकडून उठून यावं.

हे सगळं ऐकून झाल्यावर शेवटचा प्रश्न हमखास येतो: “परत नाही ना येत?” काढलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या फुगायला मोकळ्या असतात. कोलोरॅडोतल्या 2011 च्या एका अभ्यासात वर्षभरात स्त्रियांच्या अंगातली चरबी पूर्ववत झाली होती; मांड्यांवरून काढलेली, पोटावर येऊन बसली. हे सांगितलं तेव्हा एका बाईंचे यजमान बराच वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे मॅडम, पैसेही तुम्हाला द्यायचे आणि जेवणही आम्हीच कमी करायचं?”

मी हो म्हटलं. ते दोघं अजून आलेले नाहीत.