आजीच्या ओव्यांचे गाठोडे

आमच्या भालकीच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या धाकट्या काकांनी विंडोज एक्सपीच्या काळात संगणकावर उतरवल्या होत्या. ओवी मराठी, पण मधेच ‘अव्वा’, ‘तंगी’ डोकावणार; आमच्याकडची मराठी ती अशीच. आजी गेली, मग काकाही. मागे राहिली सीडीवर एक ‘बीकेएफ’ फाईल, म्हणजे एक्सपीच्या बॅकअप प्रोग्रामने बांधलेले गाठोडे.

नव्या संगणकावर ते सुटेना. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून तो प्रोग्राम विंडोजमधून काढूनच टाकला आहे. भाच्याने एक्सपीच्या सीडीतून ‘एनटीबॅकअप’ शोधून आणला, टिचकी मारली. ‘एनटीएमएसएपीआय’ नावाची डीएलएल सापडत नाही, एवढा निरोप देऊन तो गप्प!

बिदरला महमूद गावानच्या मदरशाची १६९६ च्या स्फोटात ढासळलेली बाजू पाहताना तिथल्या ग्रंथांसाठी जीव हळहळतो. आमचे धन तर शाबूत होते. कुलूप तेवढे निघत नव्हते.

“मामा, त्याचे सोबती तिकडंच राहिले की!” भाचा म्हणाला. ती डीएलएल आणि तिची बहीण ‘व्हीएसएसएपीआय’, दोघींना त्याने त्याच फोल्डरात बसवले. थोडी कुरकुर करून प्रोग्राम उघडला. ओव्या मात्र दिसल्या किडामुंगीसारख्या. जुना मराठी फाँट हुडकून घातला, तेव्हा वाचता आल्या.

आता त्या युनिकोडमध्ये आहेत, कागदावरही. एक प्रत कलबुर्गीला ताईकडे पाठवली. तिचा फोन आला: तिसऱ्या ओवीत आजी ‘तंगी’ नव्हे, ‘अक्का’ म्हणायची. वाद अजून चालू आहे.