उत्तर आल्यानंतर

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या की गणित सुटलं, असं बारावीपर्यंत चालायचं. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं आणि ती सवय मोडली. आमचे सर होमवर्कची वही हातात घेत. उत्तर बरोबर की चूक हे सांगत नसत. ‘एककं जुळली का? दोन्ही वजनं सारखी धरून बघ,’ एवढंच म्हणत.

गणित होतं अ‍ॅटवुडच्या यंत्राचं. कप्पीवरून दोरी, दोन टोकांना दोन वजनं. त्वरण येतं ते असं: वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले गुरुत्वत्वरण. वजनं सारखी धरली की त्वरण शून्य, तराजू समतोल. एक वजन शून्य धरलं की दुसरं सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद या दराने मोकळं खाली. सूत्र मी मांडलं होतं, पण ते खरं असल्याची ग्वाही पडणारी वस्तूच देत होती. त्या दिवशी मला हा विषय मनापासून आवडला.

मग होस्टेलवर इरोडोव्ह आला. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं ते पुस्तक, सुमारे १९०० प्रश्न. उत्तरं मागे छापलेली. पण मागचं पान उलटण्याआधी स्वतःचं उत्तर स्वतः तपासायचं, हा नेम ठरला. सरल दोलकात लांबीला गुरुत्वत्वरणाने भागून वर्गमूळ काढलं की नेमके सेकंद उरतात. वस्तुमानाला तिथे शिरायला जागाच नाही. मात्र दोन पायचा गुणक एककांतून मिळत नाही. त्यासाठी समीकरण सोडवावंच लागतं. तपासणीची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही एकाच गणितात कळली.

एम.एस्सी.ला सापेक्षता आली. आइन्स्टाइनच्या १९०५च्या सिद्धांतातलं गतिज ऊर्जेचं सूत्र दिसायला अगदीच वेगळं. वेग प्रकाशाच्या मानाने फार लहान धरला, द्विपद विस्तार केला, पहिल्या पदाशी थांबले. आणि कागदावर शाळेतलं ‘अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग’ उतरलं. नव्या सिद्धांताने जुन्याला मोडीत काढलं नव्हतं, त्याची हद्द आखून दिली होती. हे वाचून माहीत होतं. हाताने केल्यावर पटलं.

आता मी शिकवते. मुलांच्या फोनवर कुठल्याही गणिताचं उत्तर क्षणात येतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ते मानायचं की नाही, हे ठरवणारी नजर वहीत घासल्याशिवाय येत नाही. खेड्यातून आलेल्या, क्लास न लावलेल्या मुलीलाही या नजरेच्या जोरावर कुणाला न विचारता सांगता येतं, की माझं बरोबर आहे. शिक्षणाने याहून मोठं काय द्यावं? म्हणून माझ्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत शेवटी एक उपप्रश्न असतो: ‘वरील उत्तर बरोबर आहे, हे कशावरून?’ त्याला गुणही भरपूर ठेवते.