रीबूटनंतर टिकलं पाहिजे

रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्स अ‍ॅडमिनची परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा क्लासला जायला ना वेळ होता ना पैसे. दिवसा हेल्पडेस्कची नोकरी. रात्रीची जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडून बसायचे. त्यात व्हर्च्युअलबॉक्सवर दोन मशीन उभी केली होती. रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट मिळतं, त्यामुळे त्यांच्या खऱ्या लिनक्सवर, आरएचईएलवरच हात बसला. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवरही हा सराव होतो.

या परीक्षेत पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. चालू मशीन समोर येतं, तीन तासांत नेमून दिलेली कामं करायची आणि 300 पैकी 210 गुण मिळवायचे. इंटरनेट नाही. मॅन पेजेस मात्र मशीनवरच असतात. शिवाय केलेलं सगळं रीबूटनंतर टिकलं पाहिजे. ही अट मला फार योग्य वाटते. सर्व्हर काय, कधीतरी बंद पडणारच. तो पुन्हा नीट उठतो की नाही, यावरच अ‍ॅडमिनचं काम कळतं.

सगळ्यात जास्त रात्री एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेने घेतल्या. अपाचे 82 नंबरच्या पोर्टवर लावायला घेतलं, तर सर्व्हिस सुरूच होईना. मी रूट, तरी परवानगी नाही! वेबसाठी मान्य असलेल्या पोर्टांची यादी काढली: 80, 81, 443 वगैरे. 82 त्यात नव्हतं. मग 'सेमॅनेज पोर्ट'चं मॅन पेज उघडलं. तळाशी उदाहरण म्हणून यादीत पोर्ट घालायची नेमकी आज्ञा दिलेली, फक्त 81 साठी. आकडा बदलला, फायरवॉलमध्ये पोर्ट कायमचं उघडलं आणि पान दिसलं. तेव्हापासून आज्ञा पाठ करणं सोडलं आणि मॅन पेजमध्ये शोधायचं कसं, याचाच सराव केला. अडलं की एसईलिनक्स बंद करून मोकळं व्हायचं, ही सवय मला मुळीच पटत नाही.

धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला. "ताई, आज काय बिघडवू?" म्हणून तो हजर. कधी माउंटच्या एफएसटॅब फाइलमधल्या यूयूआयडीचं एक अक्षर बदलून ठेवायचा, मग मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये. कधी रूटचा पासवर्ड बदलून झोपायला जायचा. मग बूट मध्येच थांबवून आत शिरायचं, नवा पासवर्ड द्यायचा आणि ऑटोरीलेबलची रिकामी फाइल ठेवायची. ती ठेवायची राहिली, तर पासवर्ड फाइलचं लेबल बिघडतं आणि बरोबर पासवर्डलाही मशीन दाद देत नाही. लेबलं पुन्हा लागेपर्यंत आमचा लॅपटॉप चांगलाच वेळ घ्यायचा. "झालं का गं? झोप आता," आतून आई म्हणायची.

परीक्षेत शेवटची काही मिनिटं रीबूटसाठी राखून ठेवली होती. मशीन उठल्यावर माउंट, सर्व्हिसेस, फायरवॉल एकेक करून पाहिलं. निकाल मेलवर आला, पास झाले. आता पुढच्या आरएचसीई परीक्षेची तयारी सुरू आहे. त्यात अन्सिबलने एकाच वेळी अनेक मशीन सांभाळायची असतात, त्यामुळे लॅपटॉपची रॅम वाढवायला टाकली आहे.