तिला थंडी लागते

पनवेलमध्ये फुलझाडं लावावी लागत नाहीत, आवरावी लागतात. जूनमध्ये जास्वंदीची एक फांदी कुंपणाला आधार म्हणून खोचावी, तर दोन पावसाळ्यांत कुंपणच तिच्या आधारानं उभं असतं. सोनटक्का मोरीच्या पाण्यावर माजतो, आणि दारातली तगर कोणी लावली हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नाही. फुलझाडांची निगा म्हणजे पहाटे पाचला पिशवी आणि आकडी घेऊन येणाऱ्या भक्तांपासून ती राखणं, एवढंच शास्त्र आमच्या आळीला ठाऊक. देवाला चोरलेलंच फूल अधिक पावतं अशी इथं गाढ श्रद्धा आहे.

अशा गावातल्या माणसाला पियोनी नावाच्या फुलाची माहिती पाठ असण्याचं वास्तविक काही कारण नाही. पण मला ती पाठ आहे. रात्री झोपेतून उठवून विचारा.

हे फूल तुम्हीही पाहिलेलं आहे. लग्नात आलेल्या थर्मासवर, चिनी कपबशीवर, नाहीतर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या चादरीवर कोबीएवढं गुलाबी फूल असतं ना, ते पुष्कळदा पियोनीचं असतं. आपण आजवर त्याला गुलाब म्हणत आलो. काटे कुठं गेले, अशी शंका कोणी काढली नाही.

आमचा मुलगा अमेरिकेत इंडियाना राज्यात असतो. पियोनी हे त्या राज्याचं १९५७ पासूनचं अधिकृत फूल. मे महिन्यात एका रविवारी त्यानं फोनवर शेजाऱ्यांच्या अंगणातली पियोनी दाखवली. फूल बघून ही एवढंच म्हणाली, “अगंबाई, आपला थर्मास!” आणि लगेच, “येताना एक घेऊन ये रे.”

तेव्हापासून माझा अभ्यास सुरू झाला. निवृत्त मास्तराला विषय मिळायची खोटी!

पियोनी हे नाव ग्रीक देवांच्या वैद्याचं, पेऑनचं. शिष्य गुरूपेक्षा हुशार निघाला म्हणून गुरू त्याच्या जिवावर उठला, तेव्हा देवाधिदेव झ्यूसनं त्याचं फूल करून टाकलं. छत्तीस वर्षं शिकवूनही माझ्यावर असा प्रसंग आला नाही, हे मी सुदैव समजतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही पियोनी आधी मोरवेलीच्या कुळात ठेवली होती. पण तिचं तिथं कोणाशी जमेना, म्हणून तिला वेगळं बिऱ्हाड करून दिलं. आता त्या कुळात ही एकच प्रजाती. सासू नाही, जाऊ नाही. स्वभाव असा का झाला, हे त्यावरून कळतं.

स्वभाव म्हणजे काय, ते ऐका. गड्ड्यावर बटाट्यासारखे डोळे असतात, लालसर. पानगळीच्या दिवसांत तो गड्डा लावायचा, पण डोळे मातीखाली दोन इंचच राहिले पाहिजेत. जास्त खोल गेले तर पानं येतील, फूल येणार नाही. दिवसाला सहा तास ऊन हवं, पण मुळाशी पाणी साचलेलं चालायचं नाही; गड्डा कुजतो. भरगच्च फुलांच्या जाती तर पावसाची एक सर आली की मान टाकतात, म्हणून त्यांना तारेची कडी लावून आधार द्यायचा. हिवाळ्यात सगळं झाड जमिनीसपाट होतं आणि तेव्हा त्याला कित्येक आठवडे पाच अंशांखालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात कळी धरत नाही.

आमच्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पारा पंधरावर आला की लोक कानाला मफलर बांधून चौकात शेकोटी करतात.

“फ्रिजमध्ये ठेवा,” शेजारचे नाना म्हणाले. नानांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं, कारण ते प्रश्न पुरता ऐकत नाहीत. “भाजीच्या कप्प्यात दोन महिने. फसवायचं तिला.”

“आणि माझी कोथिंबीर?” हिनं विचारलं.

फसवता येतंही, असं मला वाचनात आढळलं होतं. पण फ्रिजमधून बाहेर काढल्यावर तिला पनवेलचा एप्रिल दिसणार, त्याचं काय? शिवाय परदेशातून गड्डे आणायचे तर २००३ सालच्या आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, तिकडच्या सरकारकडून झाड निरोगी असल्याचा दाखला लागतो. नाना म्हणाले, “चड्डीत गुंडाळून आणायचं.” नानांचं हे मत मी मुलाला कळवलं नाही.

हट्टाच्या बाबतीत या फुलाचा इतिहासही मोठा आहे. चीनच्या वू नावाच्या सम्राज्ञीनं म्हणे ऐन हिवाळ्यात बागेतल्या सगळ्या फुलांना फुलण्याचा हुकूम सोडला. बाकीची मुकाट्यानं फुलली; झुडपासारखी वाढणारी पियोनी तेवढी फुलली नाही. बाईनं तिला लोयांग शहरात हद्दपार केलं. तिथं ती अशी काही रमली, की आजही दर एप्रिलला लोयांगमध्ये तिचा उत्सव भरतो. आपल्याकडेही हिमालयात काश्मीरपासून गढवाल-कुमाऊंपर्यंत तिची पांढरी रानटी बहीण आहे, आणि युनानी हकीम ‘ऊद सलीब’ म्हणून पियोनीची मुळं औषधाला वापरतात. “म्हणजे आपल्यातलीच की,” ही म्हणाली. पण गढवालही काही लोकलनं जाण्यासारखं नाही.

सप्टेंबरात मुलाचा फोन आला. त्यानं तिकडे घर घेतलं होतं. पुढे अंगण होतं, आणि सूनबाईनं पियोनीचा गड्डा आणला होता. घटस्थापनेचा दिवस, हिनं नुकतेच घटाभोवतीच्या मातीत गहू पेरले होते.

“फुलं कधी येतील?” हिनं विचारलं.

“तिसऱ्या वर्षी. पहिली दोन वर्षं ती नुसती रुजते.”

“बाई गं! माझे गहू नवव्या दिवशी वीतभर होतात.”

“पण एकदा रुजली, की पन्नास-पन्नास वर्षं एका जागी फुलते, आई. काही तर शंभरी गाठतात. फक्त हलवायची नाही. हलवलेलं तिला आवडत नाही, पुन्हा रुसून बसते.”

यावर कोणी काही बोललं नाही. मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला अकरा वर्षं झाली होती. “आपल्याकडचा विमानतळ होऊ दे, मग बघा, थेट घरी उतरतो,” हे त्याचं वाक्य. आणि विमानतळ काही केल्या होत नसल्यामुळे आमचं बरं चाललं होतं. पन्नास वर्षांचं झाड दारात लावणारा माणूस भाड्याच्या मनानं राहत नाही, एवढा हिशेब आम्हा दोघांनाही येत होता. मी घसा साफ करून मुंग्यांविषयी सांगायला लागलो. कळीवर गोड रस पाझरतो म्हणून मुंग्या येतात; त्यांच्यामुळेच कळी उमलते असं लोक समजतात, पण तसं काही नाही, तेव्हा औषध मारू नये, वगैरे.

हिनं मला हातानं थांबवलं आणि फोन जवळ घेतला.

“खोल पुरू नकोस हं,” ती म्हणाली. “दोन इंच. बोटाची दोन पेरं धर. आणि पाणी साचू देऊ नकोस.”

“बरं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “तिसऱ्या वर्षी मे महिन्यात या तुम्ही.”

“बघू. यांच्या गुडघ्यांना विचारते.”

विमानतळ शेवटी झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. आमच्या गच्चीवरून दिसतात. पहिल्या आठवड्यात सगळी आळी गच्चीवर होती, नाना तर उतरणाऱ्या विमानाला हातानं दिशा दाखवत होते. आता कोणी मान वर करत नाही. ही मात्र वाळत घातलेले कपडे काढताना अजून थांबते. परवाही तशीच थांबली होती. पहाटे पारा पंधरावर उतरला होता. मी मफलर शोधत होतो.

“तिकडे बर्फ पडलाय म्हणे गुडघाभर,” ती म्हणाली. “पडू दे. तिला थंडी लागते.”