शनिवारचा पुढारी

आमच्या मंडळीच्या वार्षिक अहवालात माझ्या नावापुढे 'पुढारी' हा शब्द पहिल्यांदा छापून आला, तेव्हा माझ्या वडिलांना फार हसू आले. पुढारी म्हटला की त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी टोपी, जीपगाडी आणि साखर कारखान्याची निवडणूक उभी राहत असे. आणि मी तर बँकेतला एक साधा कारकून, सायकलची साखळी पडली की भर रस्त्यात हात काळे करून घेणारा. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "पुढारी म्हणजे पुढं चालणारा. मागं कोणी येतंय का, ते अधूनमधून बघत जा म्हणजे झालं."

ही १९८६ सालची गोष्ट. आमच्या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. पण मी सांगतो आहे तो काळ अहमदनगरचा. या गावात ख्रिस्ती माणूस ही काही नवलाची वस्तू नव्हे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये इथे आले आणि तेव्हापासून पाच-सहा पिढ्या आम्ही एकमेकांना 'सलाम' म्हणत, 'उपासना संगीता'तली पदे पेटीवर गात इथेच वाढलो. पण आमच्या मंडळीला एक जुने दुखणे होते. शब्बाथशाळेत सहावी-सातवीपर्यंत मुले भरभरून येत. आठवीत गेले की आवाज फुटतो, ओठांवर काळसर रेघ उमटते आणि मुलगा बाकावरून नाहीसा होतो. मग तो दिसतो तो एकदम लग्नाच्या परवानगीसाठी. पाळकसाहेबांनी मला बोलावले आणि म्हणाले, "आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी काहीतरी सुरू करा. आपली असोत, नसोत. येतील ती आपली." 'येतील ती आपली' या शब्दांत किती अर्थ भरला आहे, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले नव्हते आणि माझ्याही नाही.

त्याच वर्षी एका शिबिरात आम्हां होतकरू पुढाऱ्यांना अमेरिकेतली एक गोष्ट सांगण्यात आली. टेक्सासमधल्या गेन्सव्हिल गावी जिम रेबर्न नावाचा धर्मशास्त्राचा एक विद्यार्थी काम करीत होता. तिथल्या वडीलधाऱ्या पाळकांनी त्याला सांगितले की, चर्चमध्ये येणाऱ्यांचे मी बघतो. तू शाळेतल्या त्या मुलांकडे जा, जी इथे कधीच फिरकत नाहीत. त्यातून १९४१ मध्ये 'यंग लाइफ' ही संस्था निघाली. मुले येत नाहीत म्हणून उसासे टाकण्यापेक्षा मुले असतात तिथे आपण जावे, हा त्यातला भाग मला एकदम पटला. नगरला परत आलो आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेरच्या भेळवाल्यापाशी उभा राहू लागलो.

हे काम बाहेरून दिसते तसे नसते. लोकांना वाटते, पुढारी म्हणजे उपदेश करणारा. शनिवारच्या दोन तासांत उपदेश आठ-दहा मिनिटांचा, आणि तोही मुले पायांची चाळवाचाळव करू लागली की आवरता घ्यायचा. बाकीचा वेळ कॅरमच्या पावडरीत, गाण्यात, भेळेच्या कागदात जातो. खरे काम त्या दोन तासांच्या बाहेरच चाले. कोणाची घटक चाचणी बुडाली, कोणाचा बाप रात्री पिऊन येतो, कोण दहावीच्या नुसत्या नावाने जेवत नाही, हे ठाऊक असावे लागे. सहलीला आम्ही चांदबिबीच्या महालावर जात असू. गाव त्याला चांदबिबीचा म्हणते. आत कबर आहे सलाबतखानाची. एक मुलगा तिथे मला म्हणाला होता, "दादा, बिचाऱ्याला मेल्यावरसुद्धा स्वतःचं घर नाही!" अशी वाक्ये ऐकायला मिळत, म्हणून मी ते काम सोडले नाही, भक्तीचा भाग त्यात किती होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

१९९१ च्या जूनमध्ये नववीतला एक मुलगा आमच्याकडे येऊ लागला. त्याचे नाव मी इथे देत नाही. त्याचे वडील एस. टी. त चालक होते, घर हिंदू, वारी-गणपती सगळे यथासांग असलेले. तो आला कॅरमसाठी. डावरा होता आणि त्याचा स्ट्रायकर कोणत्या बाजूने येईल याचा नेम नसे. पण पहिल्या महिन्यातच कळले की या मुलाला देवाने गळा दिला आहे. 'उपासना संगीता'तली टिळकांची पदे तो असा गाई, की जन्मभर ती पदे झोपेत म्हणणारे आमचे वडीलधारे जागे होऊन बसत. पावसाळा संपता संपता एका शनिवारी तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "दादा, मला तुमच्यासारखं व्हायचंय. येशूचं."

त्या क्षणी मला काय वाटले ते खरे सांगतो. आनंद झाला, पण त्या आनंदात निम्मा वाटा वहीचा होता. दर तिमाहीला मला एक तक्ता भरून द्यावा लागे: हजेरी किती, नवीन किती, आणि शेवटचा रकाना 'निर्णय'. पाच वर्षे त्या रकान्यात मी शून्य लिहीत आलो होतो. मुलगा मग घुटमळत म्हणाला, "घरी काय सांगू?" आणि मी चटकन म्हणालो, "इतक्यात घरी काही सांगू नकोस."

रात्री तक्त्यात मी 'एक' लिहिले. जरा ठळकच.

त्यानंतर काही दिवसांनी पैसे काढायच्या खिडकीसमोरच्या रांगेत एक बाई उभी होती. तिची पाळी आली. हातात पासबुक नव्हते. ती म्हणाली, "पैशाचं काम नाही. तुमच्याशी बोलायचंय." मी तिला सायकली लावतात तिथे लिंबाखाली घेऊन गेलो. मनातल्या मनात मी उत्तरांची जुळवाजुळव करीत होतो: राज्यघटना, धर्मस्वातंत्र्य, कोणावर जबरदस्ती केली नाही वगैरे. ती भांडली असती तर मला सोपे गेले असते.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचा देव चांगलाच असंल. वाईट देव कुठं असतो का? यंदा गणपतीत पोरगं आरतीला उभं राहिलं नाही. गल्लीची आरती तेच सांगायचं. आजी दोन दिवस जेवली नाही. त्याचंबी एक वेळ सोडा. पण पोरगं माझ्याशी खोटं बोलाया लागलंय. शनिवारी गणिताच्या क्लासला जातो म्हणतंय. ह्याच्याआधी कधी बोललं नव्हतं." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "घरी सांगू नको, असं तुम्ही सांगितलं व्हतं का त्याला?"

राज्यघटनेचा काही उपयोग नव्हता. मी म्हणालो, "हो. मीच सांगितलं होतं."

ती आणखी काही बोलेल म्हणून मी उभा राहिलो. ती फक्त "बरं" म्हणाली आणि पदर सारखा करून निघून गेली.

त्या रात्री मला राहून राहून श्रीपती शेषाद्री आठवला. १८४३ मध्ये मुंबईला नारायण शेषाद्री नावाचा तरुण ख्रिस्ती झाला. पुढे जालन्याला त्याने मोठे काम उभे केले. आमच्या घरांतून त्याचे नाव आदराने घेतात. त्याच्यामागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपतीही मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अजाण, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, सनातनी उलटले. ही हकीकत मला लहानपणापासून ठाऊक होती. पण आमच्याकडे ती नारायणाची म्हणून सांगत. पाद्री, बाप, न्यायाधीश, शास्त्री, संपादक असे सगळे थोर लोक त्या पोराच्या वतीने बोलत होते. त्यांच्या रांगेत सर्वांत शेवटी, हातात तक्ता घेऊन, मीही उभा आहे असे मला दिसू लागले.

रविवारी उपासना आटोपल्यावर मी त्याच्या घरी गेलो. वडिलांची सुट्टी होती. बनियनवर बसून ते स्टोव्हची पिन करीत होते. मी उभ्या उभ्याच सांगितले की, मुलगा आमच्याकडे येतो, आम्ही येशूविषयी बोलतो ते लपवण्यासारखे नाही. पण घरी सांगू नकोस असे मी त्याला सांगितले, ते माझे चुकले. वडिलांनी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवायला सांगितला आणि चहा पिऊन झाल्यावर शांतपणे म्हणाले, "आता नका बोलावू त्याला." मुलगा दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलो नाही. मी त्याचे गुपित त्याच्या बापासमोर फोडले होते, आणि ते गुपित त्याला मीच दिलेले होते. आईपुढे मी खरा ठरलो असेन. त्याच्यापुढे दोनदा खोटा ठरलो.

तक्ता तोवर छापायला गेला होता. त्या वर्षीच्या अहवालात तो 'एक' अजून आहे.

पुढल्या जूनपासून मी नियम केला: आईबापांची सहीची चिठ्ठी आणल्याखेरीज कोणी शनिवारी यायचे नाही. तीस-पस्तीस मुलांवरून आम्ही अकरांवर आलो. पंचांपैकी एकजण मला म्हणाले, "चिठ्ठ्या मागून कुठं सुवार्ता होते काय?" बरेच बोलणे झाले. अखेर मी म्हणालो, दुसरा पुढारी बघा. तो कोणाला मिळाला नाही, म्हणून मी राहिलो. येशूविषयी बोलणे मी सोडले, असे कोणी समजू नये. जे मला प्राणापलीकडे प्रिय आहे ते पोरांपासून दडवून नुसता कॅरम मांडला, तर तेही एक खोटेच होईल. 'निर्णया'चा रकाना मात्र मी कोरा सोडू लागलो, आणि काही वर्षांनी तो तक्त्यातूनच गेला.

माझ्या बाजूला साक्षीदार कोणी असेल तर लक्ष्मीबाई टिळक. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा घर दुभंगते म्हणजे काय, हे त्या बाईने सोसले. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला. त्याच टिळकांच्या नगरच्या घरात पुढे ठोमरे नावाचा एक कोवळा पोरगा राहिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने त्याला 'बालकवी' केले होते. लक्ष्मीबाईंनी त्याला खाऊ घातले, त्याची भांडणे आणि लहरी झेलल्या. धर्माने तो होता तिथेच राहिला. टिळकांसारखा पुढारी घरात असताना! त्यांच्या तक्त्यात बालकवींच्या नावापुढे काय लिहिले असते, असा एक खुळा विचार माझ्या मनात बरेचदा येतो.

यंदा जूनमध्ये, म्हणजे २०२५ च्या, शनिवारी मी कॅरमला पावडर लावीत होतो; आता बँक सुटली आहे, शनिवार सुटलेला नाही. दारात पिकल्या केसांचा एक गृहस्थ आणि नववीतला वाटावा असा मुलगा उभा. मी ओळखले नाही. त्याने चारदा घडी घातलेला कागद पुढे केला. 'माझ्या मुलास शनिवारी कॅरम व गाणी यांसाठी पाठवीत आहे. आणखी काय शिकवाल ते मला कळवीत जावे.' खाली सही. सही वाचली आणि मला खाली बसावे लागले.

"गातोस का रे अजून?" इतकेच मला सुचले.

"गल्लीची आरती माझ्याकडंच आहे," तो म्हणाला. मागच्या गोष्टीचे नाव त्यानेही काढले नाही आणि मीही नाही. आत ये म्हणालो, तर नको म्हणाला. बाहेरच्या पायरीवर चपला न काढता बसला. मुलगा आत आला आणि त्याने डाव्या हातात स्ट्रायकर घेतला. थोड्या वेळाने आम्ही पेटी उघडली. दुसऱ्या कडव्याला मी शब्द विसरलो, तेव्हा ते पायरीवरून आले.