रिकामी मूठ

आमच्या घरात एक नियम होता. खेळण्यातलं शस्त्र उंबऱ्याच्या आत येणार नाही. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा नाही. नियम मीच केलेला, आणि साप्ताहिकात नोकरी असल्यामुळे ‘मुलांसाठी खेळणी निवडताना’ छापाच्या लेखांतून तो दोनदा छापूनही आणलेला. माघार घ्यायला वाट ठेवली नव्हती.

त्याला कारणही होतं. पत्रकारितेची पदविका घेऊन नुकतीच कामाला लागले होते तेव्हा, १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी, पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. सतरा माणसं गेली. मला रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांची नावं लिहून घ्यायला पाठवलं होतं. त्या रात्रीनंतर खोट्या बंदुकीचा ‘ठो’सुद्धा मला हसून ऐकता आला नाही.

आणि गेल्या वर्षी माझ्या भावाने आपल्या अकरा वर्षांच्या भाच्याला, म्हणजे माझ्या मुलाला, गंडम पाठवला. गंडम म्हणजे जपानी यंत्रमानव. १९७९ साली तिकडे टीव्हीवर त्याची चित्रमालिका आली, १९८० मध्ये बान्दाई कंपनीने त्याचे जोडणीचे संच काढले, ते अजून खपताहेत. कथेतला गंडम अठरा मीटर उंच. हा त्याच्या १४४ व्या हिश्शाचा, म्हणजे जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचा. सोबत भावाने हौसेने शस्त्रांचं एक वेगळं पाकीटही पाठवलं होतं. तोफ, कुऱ्हाड, भाला, दोन जाडजूड बंदुका. मी ते पाकीट काढून घेतलं. मूळ संचातली बंदूक आणि तलवारी होत्या, त्याही चौकटीवरून कापून त्यातच टाकल्या. ढाल राहू दिली. ढाल कुणाला मारत नाही, हा माझा युक्तिवाद! मुलगा रडला नाही, भांडला नाही. नुसतं ‘बरं’ म्हणाला. ते ‘बरं’ मला दोन दिवस टोचत होतं.

नवरात्रात आम्ही कुंभकोणमला आत्याकडे गेलो. आत्याचं सासर तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात जी घराणी तिकडे गेली, त्यांतलं. घरात मराठी बोलतात, पण आपल्याला दोनदा विचारावं लागेल अशा वळणाचं. नवरात्रात त्यांच्याकडे तमिळ पद्धतीने कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर देवांच्या, राजाराण्यांच्या, वाण्याच्या, नवरानवरीच्या बाहुल्या. आत्या एकीकडे बाहुल्यांवरची वर्षाची धूळ पुसत होती आणि शेजारी जमिनीवर माझा मुलगा गंडम जोडत होता.

खरं सांगते, खेळणं उत्तम आहे. डिंक लागत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटींवर प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. तो कटरने सुटा करायचा, राहिलेलं कुसळ कानशीने घासायचं आणि खाचेत दाबायचा. घाई केली की पांढरा डाग राहतो. एरवी शुद्धलेखनाची एक ओळ धीराने न लिहिणारा मुलगा एका गुडघ्यावर पाऊण तास बसला होता. कोपर वाकतं, कंबर वळते, मनगट फिरतं. मूठ मात्र आरपार भोक ठेवूनच ओतलेली. काहीतरी धरण्यासाठीच.

“ह्याच्या हातात काय रे?” आत्याने विचारलं.

“आईनं काढून घेतलं.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली अष्टभुजा दुर्गा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तंजावरला निघालो, वाटेत स्वामीमलैला थांबलो. तिथे पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती आहेत. मेणाचे हात, मेणाची आयुधं वेगवेगळी घडवून तापलेल्या लोखंडाने सांधायची, वरून कावेरीच्या मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. “आई, हापण किटच आहे,” मुलगा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलला होता.

तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात चोळांच्या काळातला त्रिपुरांतक आहे, तीन नगरं जाळायला निघालेला शिव. पुढचे दोन्ही हात धनुष्यबाण धरल्यासारखे, पण धनुष्य नाही. तिथलाच तिरुवेंकाडूचा १०११ सालचा वृषवाहन शिव नंदीच्या पाठीवर हात टेकून उभा, आणि नंदी नाही. अशा जोडवस्तू वेगळ्या ओतलेल्या असल्या की हरवतात. मुलगा त्रिपुरांतकासमोर बराच वेळ उभा राहिला.

“ह्याचं कुणी काढून घेतलं?”

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते.

नवमीला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तिकडे आयुधपूजा असते. आत्याने शिवणयंत्र, विळी, अडकित्ता, दिवंगत यजमानांची सायकल, सगळ्याला हळदकुंकू लावलं. माझा पेन मागून घेतला, मुलाचा कटर मागून घेतला. मग म्हणाली, “आणि त्या बाहुल्याचं आयुध गं?” मी बॅगेतून पाकीट आणून दिलं. मुलाने एकेक शस्त्र ओळीने मांडलं. पूजेतल्या वस्तूंना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून रात्रभर तो तिथेच घुटमळत होता.

दसऱ्याला सकाळी परीक्षा सुरू झाली, आणि परीक्षक माझ्यापेक्षा कडक निघाला. तोफ खांद्यावर दिली की गंडम मागे उताणा. कुऱ्हाडीचा दांडा बारीक, मुठीत गरगर फिरतो. जादा बंदुकांच्या मुठी जाड, घुसवल्या की मनगटच निखळतं. “आई, शस्त्रं एवढी आणि हात दोनच! दुर्गेला चालतं, तिला आठ आहेत.” असं पाकीट घेणार असाल तर मुठीचं भोक आणि शस्त्राचा दांडा यांचं माप जुळतं का ते आधी विचारा, डबीवरचं शस्त्रांचं भेंडोळं पाहून भुलू नका. घरात रांगतं मूल असेल तर जपा. टोकं बारीक आहेत आणि तुकडे गिळता येण्याजोगे.

शेवटी त्याने काय निवडलं? मूळ संचातली बंदूक. “हीच त्याच्या हाताची आहे.” मी ‘ठो’ची वाट पाहत उभी होते. तो आला नाही. तो जमिनीला गाल टेकून कोपर किती वाकवलं की नेम खरा वाटेल, ते बघत होता. मला अजूनही ती बंदूक आवडत नाही, आणि हे मी त्याला सांगितलंय. “माहितीये,” म्हणाला. हे ‘माहितीये’ त्या ‘बरं’पेक्षा पुष्कळ बरं होतं.

भाला आत्याने ठेवून घेतला. तिच्या दुर्गेचा पत्र्याचा त्रिशूळ कधीतरी बांधाबांधीत हरवला होता, आणि भाल्याचा दांडा त्या मातीच्या मुठीत नेमका बसला. रंग मात्र करडा आहे. पुढच्या नवरात्रात येताना सोनेरी रंगाची डबी आणायची, असं तिने नातवाला बजावलंय.